डाव्या खांद्याचं पॅड

१२ मार्च, गुरुवार

चि. ढब्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझे दाजी गुडघ्याच्या नावाने खडे फोडतात आणि मी दाजींच्या.

सोबत कोट पाठवते आहे. भाषणात हात वर करतोस म्हणून काखेत सैल ठेवलाय. कमरेला दीड इंच सोडलाय. टीव्हीवर पोट दिसतं तुझं. माप काही मंत्र्याची भीड ठेवत नाही.

तुझा सहायक परवा दुकानात येऊन गेला. गोड बोलतो. टाइप केलेला कागद पुढे ठेवला: 'वयामुळे माझ्या लक्षात राहत नाही. मंत्र्यांच्या खांद्याबद्दल मी चुकीचं बोलले.' खाली माझ्या सहीसाठी रेघ. मी म्हटलं, "दहा वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाची छाती मला तोंडपाठ आहे, आणि भावाचा खांदा विसरले होय?" बिचारा हसला, पण कागद ठेवून गेला. तो तू पाठवलास की त्यानेच आणला, हे मी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

घडलं ते माझ्या तोंडून ऐक. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ कोट शिवायला आले. त्यांचा एक खांदा उतरता. आरशासमोर माणूस ओशाळतो, म्हणून आम्ही टेलर लोक काहीतरी बोलून धीर देतो. मी म्हटलं, "मंत्र्यांच्या कोटातसुद्धा मी पॅड घालते." ते म्हणाले, "हो, मोर्चात पोलिसांची काठी लागली होती ना?" तोंडात टाचण्या होत्या, तरी जीभ गप्प बसली नाही. "काठी कसली, नऊ वर्षांचा असताना भिंतीवरून पडला."

ते निघाले वर्तमानपत्रवाले. रविवारी छापणार आहेत, तुझ्या कचेरीतही विचारून गेले म्हणे. मी शब्द फिरवणार का, ते त्यांना शनिवारपर्यंत कळवायचं आहे.

तू प्रत्येक सभेत ती काठी सांगतोस. ऐकताना मी कधी रागावले नाही, कारण ती भिंत मला आठवते. तुलाही आठवत असणार. कारखान्याच्या मागची. मी वर बसून तुला ओढत होते. रखवालदार ओरडला आणि मी घाबरून तुझा हात सोडला. घरी हात लोंबत होता तुझा, आणि आईला म्हणालास, "माझाच पाय घसरला. ताई तिथे नव्हतीच."

तुझं पहिलं खोटं माझ्यासाठी होतं रे. आईने मला बोटही लावलं नाही. आई गेली, तरी मी कुणाला सांगितलं नाही. तुलाही कधी 'चुकले' म्हटलं नाही. नुसती पॅड शिवत राहिले.

या कोटात पॅड नाही. आतल्या खिशात तो कागद आहे, सही न केलेला. शनिवारच्या आत तूच चारचौघांत सांगून टाक. लोक हसतील. खुर्चीही जाईल कदाचित, ती माझ्यामुळे जाईल, आणि त्या विचाराने जेवण जात नाही. पण गेलीच तर इकडे ये. दुसरं मशीन रिकामं आहे, आणि बटणांची काजं तू माझ्यापेक्षा बरी करायचास.

सांगशील तेव्हा अर्धं सांगू नकोस. ताई तिथे होती, असं सांग.

तुझा हात सोडणारी,
ताई