भामाबाईंचे नाव कसे गेले त्याची हकीकत

कुंडल

आदरणीय व्याही आकाराम अण्णा यांस हिंदुरावचा रामराम. इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे माझा गुडघा सोडून. तुमची शुगर आणि विहीणबाईंची कंबर कशी आहे ते कळवावे. सूनबाई संयोगिता परवा न सांगता आष्ट्याला तुमच्याकडे निघून आली. तिने काय काय सांगितले असेल या विचाराने मला घास गिळवत नाही, म्हणून खरी हकीकत लिहितो.

मी चेअरमन आहे त्या दूध संस्थेला तुम्ही तुमच्या मातोश्री कै. भामाबाईंच्या स्मरणार्थ संगणक दिला होता. देवळातल्या पंख्यावर देणगीदाराचे नाव रंगवतात, तसे आमच्याकडे संगणकालाही देतात, आणि मशिनी एकमेकींना त्याच नावाने शोधतात. तुमचा संगणक मागच्या पावसाळ्यात गळतीने गेला (पत्रा बदला म्हणून मी प्रत्येक मीटिंगला बोललो, ऐकतो कोण). त्या जागी मी माझ्या आईच्या, मनुबाईंच्या नावाने नवा दिला. पत्ता जुन्याचाच दिला, पण मुख्य संगणकावरच्या यादीतून जुने नाव कुणी काढलेच नाही. त्यामुळे दोन म्हाताऱ्या एकाच पत्त्यावर नांदत होत्या, आणि खरे सांगतो, कुरबूर नव्हती.

मग सांगलीहून उत्कर्षा नावाची मुलगी या नावांची साफसफाई करायला आली. मुख्य संगणकावर बसून ती एकेका नावाला हाक मारी. ओ आली नाही की नाव काढायचे. (हा नियम संचालक मंडळाला लावला तर मीटिंगला मी एकटाच उरेन, आणि मलाही डाव्या कानाने कमी ऐकू येते.) भंगारात गेलेल्या मशिनींची नावे पुष्कळ निघाली. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, मनुबाई आणि भामाबाई एकाच पत्त्यावर आहेत. भामाबाई शिळी नोंद दिसते. काढू का?"

अण्णा, शेजारच्याच टेबलावर सूनबाई संस्थेचा हिशेब करत बसलेली. मशीन तर माझ्या आईचे. मी घाबरून म्हटले, "जी चालू हाय ती ठेव गं." एवढेच. त्यावर सूनबाई म्हणाली, "व्हय मामा, आमची आजी शिळीच की." संध्याकाळी मला बिनसाखरेचा चहा आला. (शुगर तुम्हाला आहे, मला नाही.) सकाळी पाहतो तर तिची पिशवी खुंटीवर नाही.

पुढे ऐका. त्याच सकाळी दुधाच्या काट्यावर पावती निघेना. काटा इतके दिवस पावतीसाठी वजन भामाबाईंच्या नावानेच संगणकाला पाठवत होता, आणि ते नाव तर आम्ही पुसलेले. लोक किटल्या घेऊन ताटकळत उभे. दूध घालायला आलेला बिराप्पा सगळ्यांदेखत म्हणाला, "चेरमन, तुमी म्हातारीला घराभाईर काढली, आता निस्तरा." म्हणजे बघा, माझी आई नुसती बसून होती, सगळा कारभार तुमच्या आईच्या नावावर चालला होता. तेव्हा मी ते नाव परत घातले आहे. भामाबाई पहिल्या, मनुबाई त्यांच्या हाताखाली. (माझी थोरली बहीण रंगूबाई हिच्या कानावर हे जाऊ देऊ नका. ती आईच्या बाबतीत फार कडक आहे.) तरी सूनबाईची समजूत काढून तिला पाठवून द्यावे.

आपला,
हिंदुराव

ता. क. वर "नाव परत घातले आहे" असे लिहिले, ते "घालायचे ठरले आहे" असे वाचावे. त्यासाठी मुख्य संगणक उघडावा लागतो. उत्कर्षाने जाताना नवा पासवर्ड सूनबाईच्या हातून टाकून घेतला, आणि तो तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. काल सूनबाईला फोन केला तर म्हणाली, "आजीला इचारा." तूर्त पावत्या मी हाताने लिहितो आणि लोक माझ्या अक्षराला हसतात.

दुसरा ता. क. पासवर्ड फोनवर सांगितला तरी काम भागेल, असे तुमचे जावई यशराज म्हणतात. खुळा आहे आमचा पोरगा. तुम्ही तो पासवर्ड तिला मुळीच विचारू नका. तो इथे कळला तर तिला परत यायला निमित्त काय राहणार?