एफ-बाराचं बटण

केज,
१२ डिसेंबर २००१

प्रिय रुद्राणी,

पोस्टाचं पाकीट बघून घाबरू नकोस. घरात सगळे जिवंत आहेत. ई-मेलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावं लागतं आणि मराठी घेऊन बी.ए. केलेल्या बाईला ते घासात खडा आल्यासारखं होतं, हे कागदावर लिहिण्याचं एक कारण. दुसरं शेवटी सांगते. आधी शेवट वाचायची तुझी सवय गेली असेल असं धरून चालते.

आमच्या मनाविरुद्ध तुझं अमरसिंहांशी लग्न झालं त्या दिवशी तुझे अण्णा एकच वाक्य बोलले, की या घरात तिचं नाव निघायला नको. पुन्हा कधी बोलले नाहीत. मी वाद घातला नाही आणि पाळलंही नाही. तुला आलेल्या माझ्या सगळ्या मेल मी दुकानात बसून लिहिल्या. खताचा साठा आणि बिलं यांसाठी घेतलेल्या कम्प्युटरवर, अण्णा मागच्या गोदामात पोती मोजून घेत असताना. ते कधी पुढे येतील याचा नेम नसायचा. एकदा तुझी मेल उघडी असतानाच ते माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले आणि विंडो बंद करताना माझी इतकी तारांबळ उडाली की बिलाचा प्रोग्रामच बंद पडला.

तेव्हा मी जगदेवीमावशीच्या संगमेश्वरला गाठलं. तो अंबाजोगाईला इंजिनिअरिंगला आहे हे तुला माहीत आहे. त्याला म्हटलं, प्रश्न विचारू नकोस, उपाय सांग. त्यानं चहा संपायच्या आत उपाय केला. व्हीबीस्क्रिप्ट म्हणून कम्प्युटरला हुकूम द्यायची एक भाषा असते. तिच्यात त्यानं ओळ-दोन ओळींची फाइल लिहिली आणि ती एफ-बाराच्या बटणाला जोडून दिली. बटण दाबलं की उघड्या असतील तेवढ्या विंडो एकदम दिसेनाशा. एफ-अकरा दाबलं की जशा होत्या तशा परत. खालची पट्टीसुद्धा आपोआप लपेल अशी करून ठेवली, म्हणजे मागमूस नको. मागे राहायचं फक्त पडद्यावरचं चित्र. तिथे त्यानं महादेवाची पिंड लावली आणि म्हणाला, "मावशी, आता काकांना काय दिसलंच तर देव दिसंल." मी त्याला कार्ट्या म्हटलं, पण उपाय मला आवडला होता. इतका, की ती फाइल उघडून त्यातला शब्दन् शब्द मी त्याच्याकडून समजावून घेतला.

तेव्हापासून अण्णांच्या चपला वाजल्या की माझं बोट एफ-बारावर. अण्णा येत, पडद्याकडे तोंड करून हात जोडत आणि आपल्या गादीवर जाऊन बसत. मला वाटायचं, काय हुशार बाई आहे मी.

आता लिहिते ते मला लिहवत नाही, पण तुला कळलं पाहिजे. श्रावणात कधीतरी संगमेश्वरनं ते चित्र बदलून ट्रॅक्टरचं लावलं. अण्णा आले आणि त्यांनी ट्रॅक्टरला हात जोडले. मी पदरात तोंड लपवून हसले. पेपर वाचायचा त्यांनी सोडला, म्हणाले, रोज तेच तेच असतं. स्कूटर बंद केली, मांजरसुंब्याला जायचं तर माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपनं जाऊ लागले, म्हणाले, पाठ धरते. मला सगळं पटत गेलं. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला गेलो. पायऱ्या उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत त्यांनी मला हात लावलेला नाही. यात्रेत ओळखीचे लोक. मी खांदा काढून घेतला. ते तिथेच कठड्याला धरून उभे राहिले आणि मी पुढे निघून गेले. खाली जाऊन वाट बघितली, आणि उशीर का केला म्हणून वर मीच त्यांना बोलले ते वेगळंच.

यात्रेहून आल्यावर त्याच आठवड्यात नांदूरफाट्याचे राधाकिशन तुरीवरच्या अळीचं औषध न्यायला आले. अण्णांनी स्वतः कपाटातून डबा काढून दिला. राधाकिशन रस्त्यापर्यंत गेले आणि हसत परत आले. म्हणाले, "मालक, माजी तूर जाळायचा इचार हाय का? हे तर तण मारायचं हाय." दुकानात गिऱ्हाइकं होती. ती हसली. आणि मी, जिला सगळ्यांदेखत चुका काढायची सवय आहे, मी मोठ्यांदा म्हणाले, "डोळे आहेत की नाहीत तुम्हाला?"

अण्णा म्हणाले, "न्हाईत."

तेवढंच. रागानं नाही, गिऱ्हाइकाला माल संपला म्हणून सांगावं तसं. मग दुकानातल्या गड्याला, म्हाळूला, हाक मारून त्यांनी बरोबर डबा द्यायला सांगितलं.

दुकान बंद केल्यावर आम्ही दोघं तिथेच बसलो. रक्तातल्या साखरेनं डोळे जात चालले होते आणि त्यांना वाटत होतं चष्म्याचा नंबर वाढलाय. पुढे तेही वाटेनासं झालं, तरी बोलले नाहीत. मी म्हटलं, मग पडद्यावर काय बघत होतात? म्हणाले, उजेड. नुसता पांढरा उजेड असला की तू लिहीत असायचीस, निळसर झाला की समजायचं, झाकलंस. तेच पुढे बोलले. बिलं करताना माझा एकच हात चालतो, आकड्यांवर, थांबत थांबत. आणि इंटरनेट लागताना फोनची होते ती किरकिर होऊन गेली की दोन्ही हात चालतात, टायपिंगच्या परीक्षेला बसल्यासारखे. असं मी दुकानाच्या कामाचं कुणाला लिहीत नाही. म्हणाले, "रुद्रीला लिव्हतीस, हे मला पयल्यापासून ठाऊक हाय. गोदामात पोत्यावर बसून ऐकायचो. थांबलीस की वाटायचं, आता पोरीचं वाचत असंल."

मी विचारलं, मग एका शब्दानं विचारलं का नाही? त्यावर तुझे अण्णा म्हणाले, "इचारलं असतं तर तू बंद केलं असतंस."

रुद्राणी, ते खरं आहे. मी बंद केलं असतं. माझा स्वभाव त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून ते पुढे यायच्या आधी चपला मुद्दाम वाजवायचे, मला झाकायला वेळ मिळावा म्हणून. मी पडदा सांभाळत राहिले. मान वळवून एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं असतं तर नजर कुठे लागलीय ते मला त्याच दिवशी दिसलं असतं. औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. उन्हाळ्यात मी संगमेश्वरला चहा पाजत होते.

एफ-बाराची फाइल मी दुसऱ्या दिवशी काढून टाकली. आता तुझी मेल उघडीच असते आणि मी मोठ्यानं वाचते. म्हाळूसुद्धा ऐकतो. परवा तू शिवानीचा फोटो पाठवलास. मी तो पडदाभर मोठा केला. अण्णांनी काचेला नाक लागेपर्यंत तोंड नेलं. बराच वेळ तसेच होते. मग विचारलं, केस कसे आहेत, कुरळे का? मी म्हटलं, कुरळे. म्हणाले, मग आपल्या घरचे. आणि मागे सरकले. त्यांना काही दिसलं नाही हे मला समजलं, आणि मला समजलं हे त्यांना.

आता ते दुसरं कारण. डावा डोळा गेला. उजव्यात थोडं उरलं आहे, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा जवळून ओळखू येईल इतकं. त्याचं ऑपरेशन लगेच करा म्हणतात. त्यानं उरलेलं टिकेल, किंवा तेही जाईल. डॉक्टर शब्द देत नाहीत. थांबलं तर जाणार हे मात्र नक्की. आणि अण्णा तयार नाहीत. मी रागावून झालं, रडून झालं. त्यांचं एकच म्हणणं: "आदी रुद्रीला बगू दे. मंग डोळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे." तारीख त्यांनी तुझ्यावर ठेवली आहे. तेव्हा पत्र मिळेल त्या दिवशी निघ. अमरसिंहांना घेऊन ये, हे मी नाही, अण्णांनी सांगितलं आहे. जावयाला वेगळं बोलावणं लागतं, असंही म्हणाले. शिवानीला उजेडात त्यांच्या मांडीवर दे आणि तू अगदी समोर बस. हे मेलनंही कळवता आलं असतं, पण अण्णांना एक शब्द स्वतः लिहायचा होता आणि त्यांना कम्प्युटरवर अक्षर सापडत नाही. मी पेन हातात दिलं, कागदावर बोट ठेवून जागा दाखवली, तरी हात वर सरकला. वरच्या ओळींवरून आडवं गेलेलं जे दिसतंय ते "ये" आहे. खाली काय लिहिलंय ते त्यामुळे नीट वाचता येणार नाही. मी पान बदललेलं नाही.

तुझीच, दारात उभी असलेली,
आई