दुर्बिणीचा आळ

मंगळवार, संध्याकाळ. धाराशिव

आज कदम आला. जुन्या दवाखान्यात पोट तपासायची दुर्बीण याच्याच हातून पडली, यानं नाव माझं घेतलं आणि नोकरी माझी गेली. आता आमच्याकडं पोटविकार संशोधनाच्या जागेसाठी मुलाखतीला! दारातच गाठलं मला.

"ताई, जुनं काढू नका. घरी लई अडचण आहे."

अडचण! तेव्हा माझ्या घरी काय होतं?

आत मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी त्याच्या अर्जावर जुन्या दवाखान्याचं नाव बघून मला विचारलं, "ओळखता यांना?"

त्याच्यासमोरच सगळं सांगितलं. दुर्बीण कुणी पाडली, तेही.

"खरं का हे?" मॅडमनी त्याला विचारलं.

"व्हय."

जागा गेली त्याची. वाईट वाटायला हवं होतं का? न्हाय वाटलं. येताना पेढे घेतले. आई म्हणाली, "कशाचे गं?"

म्हटलं, "आधी खा."