छपरीतल्या पाटीवरचा पासवर्ड

अहो, ऐकता का,

आज दुपारी माझा हयातीचा दाखला गेला. कुसुमबाई अजून जिवंत आहेत, पेन्शन चालू ठेवायला हरकत नाही, हे सरकारला कळलं! ही बातमी आधी तुम्हाला सांगायची होती. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तू जिवंत आहे हे मले तं तुया आवाजावरूनच समजते, सरकारले कागद लागते." तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा नरखेडची, सातवीपर्यंतची. चुका दिसल्या तर लाल पेन काढू नका.

आठ महिने झाले तुम्हाला जाऊन. तुमची पेन्शन अर्धी होऊन माझ्या नावावर आली, पण गॅस अर्धा झाला नाही, तेल झालं नाही, माझ्या बीपीच्या गोळ्या तर वाढल्याच. आपलं पांढुर्णा जिल्हा झालं तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटले होते ना? आता भाजीवालीसुद्धा जिल्ह्याचा भाव सांगते. पेन्शन तेवढी तालुक्याचीच राहिली.

म्हणून पोळा झाला त्या आठवड्यात मी एक काम केलं. तुम्हाला आवडणार नाही, पण ऐका. घरचं वायफाय बंद केलं.

बिल पुन्हा वाढून आलं होतं. मोबाइलचा रिचार्जही वाढलेला. दोन्हीपैकी एक ठेवायचं म्हटलं तर फोन तरी चालू हवा. त्यातही सगळ्यात लहान रिचार्ज मारला, नुसता बोलण्याचा. पुण्याला नितीनला सांगितलं, "कॅमेरा बिघडला रे, तोंड दिसत नाही." परीचा चेहरा दिसेनासा झाला. रविवारी ती फोनवर नुसती "आजी, आजी" करायची आणि मी कानाला फोन दाबून धरायचे. नितीनच्या घराचे हप्ते आहेत, पोरीची फी आहे. त्याला कशाला सांगायचं?

आणि तुमच्या पाणपोईचं काय, हा विचार तेव्हा मनात आला नाही. खरं सांगते, आला होता. मी तो बाजूला सारला.

आठवतं, कडुनिंबाखाली तुम्ही रांजण ठेवायचात? पुढे लोक बाटल्या घेऊन फिरू लागले, रांजण कोरडा पडला, तर तुम्हीच उदास. मग एक दिवस केबलवाल्याला घेऊन आलात, घरापुढच्या छपरीत वायफायचा डबा लावून घेतला आणि बाकाच्या वर शाळेतली जुनी पाटी टांगली. त्यावर खडूने पासवर्ड. तो तरी काय ठेवावा माणसाने? इंग्रजी अक्षरांत 'अभ्यासकरा'! सत्तरीचे म्हातारे चष्मा कपाळावर चढवून एकेक अक्षर दाबायचे आणि तुम्ही बाजूला उभे राहून हसायचात. "पाणपोईवर कोणी नाव-गाव पुसते का, पैसे मागते का?" असं वर मला सांगायचात.

नोव्हेंबर लागला की आपल्या छपरीत तर जत्राच. गल्लीतले सगळे पेन्शनवाले हयातीचे दाखले द्यायला इथेच. तुम्ही प्रत्येकाचा चेहरा मोबाइलसमोर नीट धरायचात आणि मी चहाची गंजी गॅसवर चढवायचे. मी कुरकुरायचे, हो, मान्य आहे. साखर काय फुकट येते का, असं पुष्कळदा म्हटलं आहे मी.

या वर्षीही आले ते. बापूरावजी, रेल्वेतले, तुमचे दोस्त. त्यांच्यासोबत शकुनबाई, तिच्या नवऱ्याची पेन्शन खाते ती. बाकावर बसले, पाटीकडे पाहून पासवर्ड टाकला. लागेना. पुन्हा टाकला.

मला बाहेर जावंच लागलं. म्हटलं, "बंद केलं जी."

बापूरावजी म्हणाले, "गुरुजी गेले म्हणून सरकारनं बंद करून टाकलं का?"

"सरकार कशाला बंद करील? बिल भरत होते ते."

मग शकुनबाई हळूच म्हणाली, "गुरुजी तं म्हणे, रिटायर हेडमास्तरले सरकार नेट फुकट देते."

अहो, काय हे! गल्लीत सगळ्यांना असं सांगून ठेवलंत? आणि या भोळ्या लोकांनी ते खरं मानलं, कारण गुरुजी सांगतात म्हणजे खरंच असणार! चाळीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून उठाबशा काढायला लावल्या, त्या माणसाने ही थाप मारली.

पण पुढचं मला ठाऊक नव्हतं. बापूरावजी पाटीकडे पाहत म्हणाले, "म्हणूनच गुरुजी रोज स्टेशनवर पेपर वाचायले येत होते का? मले वाटे, फिरायले येऊन राहिले."

छपरीत डबा लागला त्याच महिन्यात तुम्ही पेपर बंद केलात, तेव्हा मला म्हणाला होतात, "डोळे दुखतात आता, बारीक अक्षर नको." मी तुमच्या डोळ्यांत रोज रात्री गुलाबपाणी घालत होते, अहो! आणि तुम्ही सकाळी स्टेशनच्या चहाच्या टपरीवर बसून दुसऱ्याचा पेपर मागून वाचत होता. ज्या माणसाला पेपरची घडी कोणी आधी मोडली तर राग यायचा, तो माणूस!

मला इतका राग आला तुमचा. घरात येऊन तुमच्या फोटोकडे पाठ करून बसले. मला सांगितलं असतं तर काय झालं असतं? एक वेळचा चहा मी सोडला असता. साखरेवरून बोलले ते बोलले नसते. तेवढंही माझ्याकडून का मागितलं नाहीत?

मग रडू आलं. कारण आठवलं, कॅमेरा बिघडला म्हणून मी नितीनला काय सांगत होते!

त्याच संध्याकाळी त्याला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "आई, बाबांनी मलापण हेच सांगितलं होतं, सरकार फुकट देतं म्हणून. मी कधी विचारलंच नाही." पोरगा रडत होता की हसत होता, कळेना. म्हणाला, उद्यापासून बिल मी भरतो. मी म्हटलं, थांब जरा, आधी गल्लीचं काय ते पाहू दे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुन्हा हजर. बापूरावजींच्या हातात संत्र्यांची पिशवी, रामाकोना गावच्या त्यांच्या भाच्याच्या बगिच्यातली. म्हणाले, "वहिनी, आजपर्यंत फुकट समजून वापरलं. आता माहीत पडलं तं तसं कसं वापरू? आमी पाच घरं पैसे देतो."

मी साफ नाही म्हटलं. तुमच्या पाणपोईवर मी पैसे घेऊ? लोक काय म्हणतील, गुरुजी गेले आणि बाईने दुकान मांडलं? बापूरावजींचा चेहरा उतरला. पण शकुनबाई तुम्हाला माहीतच आहे. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कुसुमबाई, रांजण गुरुजीचा होता, पण पाणी कोण भरे? सोमवारी मी, मंगळवारी बापूरावची बायको. पाळीनंच भरला ना? तेव्हा तं तुमी कोनाले नाई म्हटलं नाई!"

खरंच की हो. रांजण एकट्याने कधी भरलाच नव्हता. तुम्ही तेवढं विसरलात आणि तुमच्यामागे मीही.

तर आता पाळी लागली आहे. पाच घरं आणि आपलं सहावं. महिन्याला एक घर बिल भरतं. पहिली पाळी मी भांडून घेतली. नितीनला म्हटलं, तू पाळीत नाहीस, तू फक्त रविवारी परीला समोर बसव. काल बसवली त्याने. दोन दात पडलेत तिचे! मी हसत होते आणि ती विचारत होती, "आजी, तुझा कॅमेरा कोणी दुरुस्त केला?" म्हटलं, शकुनआजीने.

केबलवाला डबा जोडायला आला तेव्हा म्हणाला, "आई, नवीन पासवर्ड सांगा." मी म्हटलं, बावा, जुनाच ठेव. जमत असेल तर ठेव, नाहीतर कनेक्शनच नको. त्याने पाटीकडे पाहिलं आणि तोच ठेवला.

म्हणून आज छपरीतच बसून माझा दाखला दिला. मोबाइलला डोळ्यांची उघडझाप दिसायला हवी आणि मी फोटो काढायला बसल्यासारखी ताठ! शकुनबाई ओरडली, "डोये मिचकव वो माय, मेली का?" सगळे हसले, मीही हसले, आणि गेला एकदाचा दाखला. सगळ्यांना चहा केला. साखर नेहमीपेक्षा जास्तच टाकली.

तुमचे उपकार मानायचे राहून गेले हो. अर्ध्या पेन्शनसोबत तुम्ही मला ही अख्खी गल्ली देऊन गेलात, आणि मी समजत होते एकटी पडले.

एक तारखेपासून पेपर पुन्हा लावते आहे. तो छपरीतल्या बाकावर ठेवीन, बापूरावजीही इथेच येऊन वाचतील. घडी मात्र आधी मी मोडणार, तुमच्या वतीने.

आणि ती पाटी. खडू आता फिकट होतो आहे. लोधीखेड्याला नवीन संसार होता तेव्हा तुम्ही मला इंग्रजी अक्षरं शिकवली होती, माझा हात धरून, अशाच पाटीवर. तुमचं अक्षर मी पुसू देणार नाही. जिथे जिथे उडेल, तिथे खडू घेऊन त्यावरूनच गिरवीन.

तुमची विद्यार्थिनी,
कुसुम