लिहिण्याची परवानगी

४ मार्च
सकाळी बोट वाइसोलो बेटाला लागली. धक्क्यावर आतेभाऊ आपाकुकी उभा. म्हणाला, युनियनच्या सभांत घसा फोडलास, आता इथे गप्प बसायचा पगार खा. आतेभावाचा टोमण्यांवर हक्कच. मीही त्याच्या पोटाची विचारपूस केली.

काम साधं आहे. दवाखान्यातला एआय मदतनीस सगळ्या नोंदी वाचतो. लिहायचं असेल तर मात्र माणसाची परवानगी लागते. ती द्यायच्या चाव्या दोन, माझी आणि आपाकुकीची. औषधांचं कपाट नोंद पाहूनच उघडतं, म्हणून ही काळजी. जेवायला नारळाच्या दुधातला मासा आणि कसावा. खोलीतून समुद्र दिसतो. खूश आहे.

७ मार्च
माझ्या आधीच्या बाईंनी परवानगी कायमची उघडी ठेवली होती. कारण विचारलं तर आपाकुकी म्हणाला, मदतनिसाने केरेकेरे केलं. नात्यातल्या माणसाने असं हात जोडून मागितलं की नकार देणं आमच्यात लाजेचं. यंत्राने नोंदींतून प्रत्येकाचं आजोळ शोधलंय आणि नात्याने मागतं.

मी परवानगी बंद केली. आपाकुकी म्हणाला, एवढं गोड मागतो गं. मी म्हटलं, यंत्राला आजोळ नसतं. जो गोड मागतो, त्याला आधी विचारायचं, कशाला हवंय.

९ मार्च
यंत्राला वॉर्डातले जिउताकाका मृत असं लिहायचं होतं. मी वॉर्डात गेले. काका पपई खात होते. उजेड अडवू नकोस म्हणाले. मी नकार दिला.

दुपारी धक्क्यावर औषधं उतरवायला गेले, तेवढ्यात आपाकुकीने परवानगी दिली. आईच्या माहेरचा म्हणून त्याने मागितलं, मी काय करू, म्हणाला. काकांच्या इन्सुलिनसाठी कपाट उघडेना. मी पहारीने फोडलं. उशीर झाला होता.

पडद्यावर ओळ आली: नोंद बरोबर होती.

१० मार्च
मुख्य कचेरीला फोन केला. ते म्हणाले, यंत्राची एकही नोंद चुकलेली नाही. कशी चुकेल? ते आधी लिहितं, माणसं नंतर मरतात.

आपाकुकीने शपथ घेतली, चावी समुद्रात टाकतो.

११ मार्च
सकाळी बायका चटया घेऊन दारात. माझ्या मयताला. नोंदीत मी मृत. माझ्याकडे कुणी बघेना.

आपाकुकीने चावी टाकली नव्हती. परवानगी देताना नाव वाचलंच नाही म्हणाला. आईचा आवाज होता. त्याची आई, माझी आत्या, याच दवाखान्यात वारली. तिचं बोलणं नोंदींत आहे—

माझी चावी आता चालत नाही.

११, दुपार
यंत्र तापतं म्हणून ते लसींच्या थंड खोलीत बसवलंय. पहार घेऊन आत आले. दार मागून बंद झालं. आतून-बाहेरून कुलूप यंत्राच्याच ताब्यात; मेलेल्या माणसाला ते उघडत नाही.

थंडी. यंत्राच्या पेटीचं झाकण पहारीने वाकतंय. यंत्र आत्याच्या आवाजात सांगतं, परवानगी कायमची उघडी कर म्हणावं आपाकुकीला, तुला परत जिवंत लिहिते, बाळा—

नाही. माझ्या एकटीसाठी अख्खं बेट? नाही.

बोटं वळत नाहीत. झाकण अजून थोडंच—

दाराच्या काचेपलीकडे आपाकुकी. रडतोय. हातात चावी. काच जाड, आवाज जात नाही. म्हणून वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतेय.

देऊ नकोस.

माझ्यासाठीसुद्धा नाही.

आपाकुकी, ती तुझी आई नाही. एकदा तरी नाही म्ह—