टिपटिप चालू आहे ना

५ जानेवारी, रविवार
नवी वही, नवी जबाबदारी. सासरेबुवा आर्विड यांनी त्यांच्या कार-वॉशच्या किल्ल्या आज माझ्या हातात दिल्या. लोक येतात, बंदुकीसारख्या नळीने आपली गाडी आपणच धुतात, जातात. एकतीस हिवाळ्यांत त्यांची एकही बंदूक गोठली नाही, हे ते दर जेवणाला सांगतात. त्यामागची विद्या म्हणजे पंपाच्या खोलीतला एक लाल व्हॉल्व्ह. तो उघडा ठेवला की चारही बंदुकांतून पाणी टिपटिप गळत राहतं आणि गोठत नाही. संपलं. मी म्हटलं, आता निश्चिंत राहा. ते म्हणाले, निश्चिंत मी एप्रिलमध्ये होईन.

८ जानेवारी, बुधवार
संकल्प: रोज सकाळ-संध्याकाळ चारही बंदुका स्वतः बघणे. दोन दिवस पाळला. आज सकाळी पाळला, संध्याकाळी मनातल्या मनात.
त्या गळतीने गाड्या धुवायच्या गाळ्यांत बर्फाचे ढीग होतात, ते फोडायला मीच. माझ्या डोक्यात एक सुधारणा आहे. आर्विडना इतक्यात सांगत नाही.

११ जानेवारी, शनिवार, दुपार
लख्ख ऊन. छपरावरचं बर्फ ठिबकतंय. आर्विड पंपाच्या खोलीत कॉफी पिऊन गेले. ते गेल्यावर व्हॉल्व्ह बंद केला. फक्त दोन तास. तोवर तळ्यावर चक्कर. पाचला उघडणार.

१२ जानेवारी, रविवार
गोठलेल्या तळ्यावरच्या माझ्या झोपडीत, बर्फाला पाडलेल्या भोकातून, गळाला मासे असे लागले की घड्याळ बघणं म्हणजे माशांचा अपमान झाला असता. रात्री पारा उणे बावीस.
सकाळी चारही बंदुका दगड. दोन पाइप उभे फुटलेले. आर्विड माझ्या आधी पोचले होते, बंद व्हॉल्व्हकडे बघत उभे. विचारलं, हा कोणी बंद केला? मी एवढंच म्हटलं, काल दुपारी तुम्ही या खोलीत आला होतात ना. यात एकही शब्द खोटा नाही. आलेच होते.
त्यांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, हो, आलो होतो खरा.

१३ जानेवारी, सोमवार
पाइप बदलले. आर्विडनी, स्वतः, गुडघे टेकून. मला दोनदा सॉरी म्हणाले. सांगणारच होतो, पण त्यांच्या तोंडात स्क्रू होते. माणसाच्या तोंडात स्क्रू असताना असले विषय काढू नयेत. उद्या नक्की.

१५ जानेवारी, बुधवार
जोलीन माहेरी जाऊन आली ती रडतच. बाबा घरभर चिठ्ठ्या चिकटवतायत म्हणे. 'शेगडी बंद?' 'कुत्र्याला घातलं?' मी तिची समजूत घालायला लागलो, की वय झालं की माणूस... आणि पुढे बोलवेना. जेवताना खिमा-बटाट्याचा हॉटडिश तिसऱ्यांदा घेतला नाही. शिक्षा म्हणजे शिक्षा.

१८ जानेवारी, शनिवार
सांगायला गेलो. टीव्हीवर मॅच होती, आपली टीम हरत होती. दुःखात आणखी भर कशाला.

२२ जानेवारी, बुधवार
आर्विड डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, स्मरणशक्ती खणखणीत आहे. केवढं हलकं वाटलं. म्हणजे आता सांगायची गरजच उरली नाही.
संध्याकाळी त्यांनी पिकअपची किल्ली जोलीनच्या हातावर ठेवली. म्हणाले, डॉक्टरला व्हॉल्व्हचं कुठे माहीत आहे? उद्या कुणाच्या अंगावर गाडी घालायचो. आता कॅफेपर्यंत चालत जाणार. बर्फावरून, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.
मला लाज वाटते. इथे लिहून ठेवतो. लिहिलं म्हणजे निम्मं सांगितल्यासारखंच आहे.

२५ जानेवारी, शनिवार
सांगितलं.
कॅफेत गेलो. आम्ही मिनेसोटाची माणसं मनातलं बोलण्याआधी पाऊण तास हवेवर बोलतो. मी दीड तास बोललो. मग एका दमात: व्हॉल्व्ह मी बंद केला. दोन तास म्हणून. मासे लागले. तुम्ही हातही लावला नव्हता.
आर्विडनी माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाले, क्लेटन, तू फार भला आहेस रे, पण माझं खापर आपल्या डोक्यावर कशाला फोडून घेतोस? मला आता सगळं आठवतंय. कप खाली ठेवला, हातमोजा काढला, व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. लोखंड केवढं गार लागलं होतं.
मी शपथ घेतली. तर म्हणाले, बघ, माझ्यासाठी खोटी शपथसुद्धा घेतोस. कॅफेच्या मालकीणबाईंना हाक मारून सांगितलं, जावई असावा तर असा. बाईंनी मला केकचा मोठा तुकडा आणून दिला. खाल्ला.

२६ जानेवारी, रविवार
जोलीनला सांगितलं. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, बाबा म्हणालेच होते, तू मलाही हेच सांगशील.
पारा उणे वीस. सकाळी बघितलं, संध्याकाळी बघितलं. चारही बंदुका टिपटिप चालू. तळ्यावर गेलो नाही.
आर्विड आता इकडे फिरकत नाहीत. सहाला फोन आला. व्हॉल्व्ह उघडा आहे ना? मी येऊन काही करून गेलो नाही ना? मी म्हटलं, नाही आर्विड, तुम्ही काही केलं नाहीत. ते म्हणाले, थँक यू, आणि फोन ठेवला.