रिकाम्या खुर्चीची साक्ष

गुरुजी, आपल्या वर्गातील वेताची खुर्ची आपण विसरला नसाल. मी आज शहात्तर वर्षांचा आहे. मराठीचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो, मुलांची सदोष वाक्ये आयुष्यभर दुरुस्त केली. तरीही त्या खुर्चीविषयी लिहू लागलो की माझेच वाक्य पहिल्या प्रयत्नात पूर्ण होत नाही.

नांदेडच्या त्या मिशन शाळेत दर शनिवारी शास्त्रपाठाची, म्हणजे बायबलच्या धड्याची, चाचणी असे. आपण फळ्यावर प्रश्न लिहिता, आपली खुर्ची मुलांकडे तोंड करून ठेवता आणि म्हणता, "हिच्यावर कोण बसलाय ते तुम्हाला दिसत नाही. त्याला तुम्ही दिसता." मग दार ओढून घेऊन निघून जाता. चाळीस मुले आणि टाकांची कुरकुर, एवढेच वर्गात उरते. सोमवारी आपण दुसऱ्याच्या वहीत पाहून लिहिलेल्या एखाद्या मुलाजवळ येता, त्याच्या मस्तकावर हात ठेवता आणि हलक्या आवाजात सांगता, "खुर्चीनं मला तुझं नाव सांगितलं." छडी नाही, शिक्षा नाही, त्याच्यासाठी एक प्रार्थना, आणि संपले. एकही मुलगा कधी नाकबूल झाला नाही, कारण नाव कधी चुकत नसे.

ते चुकत नसे, कारण ते मी सांगत असे. रविवारी उपासना आटोपली की मी वह्या घेऊन आपल्या घरी येई. स्वयंपाकघरात आपल्या पत्नी, आमच्या बाई, भाकरी थापत असत. आपण पाटावर बसून शेंगा फोडता आणि मान वर न करता विचारता, "काल कोण?" मी नाव उच्चारतो. माझ्या तळहातावर चार शेंगदाणे आणि गुळाचा खडा येतो. एकदा मी भीतभीत विचारले होते, की हे खोटे नव्हे काय. आपले गाव केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध अर्धापूरकडचे. आपण केळीचा दाखला दिलात. "घड भरेपर्यंत झाडाला टेकू द्यावाच लागतो, बाळा. मग काढून घेऊ." त्या उत्तराने माझे समाधान झाले. गुळानेही झाले असेल.

माझ्या शेजारी उदगीरकडील एका लिंगायत व्यापाऱ्याचा मुलगा बसत असे. त्याच्या गळ्यात इष्टलिंग होते, आणि शास्त्रपाठात मात्र त्याला माझ्यापेक्षा अधिक गुण मिळत. ज्याच्या घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते, त्या मला हे सहन होईना. एका रविवारी आपण "काल कोण?" असे विचारलेत आणि मी त्याचे नाव सांगितले. त्याने कोणाच्याही वहीत डोकावले नव्हते. सोमवारी आपला हात मस्तकावर पडताच तो गोंधळून खुर्चीकडे पाहत राहिला. मग गळ्यातील लिंग मुठीत धरून म्हणाला, "चुकलो, गुरुजी."

मंगळवारी मधल्या सुट्टीत आपण मला वर्गात बोलावलेत. भर दुपार आहे, अंगणात मुलांचा गलका चालू आहे, परंतु आत आल्यावर तो फार लांबून आल्यासारखा वाटतो. आपला चेहरा राखेसारखा झालेला. आपण खुर्चीकडे पाहत नाही, आणि तिच्याकडे पाठही करत नाही. "ते नाव खोटं होतं ना?" मी होय म्हणालो. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. प्रार्थनेतसुद्धा उच्चारली नव्हती. "आपल्याला कोणी सांगितले?" मी विचारले. माझे मनगट धरून आपण मागे मागे सरकत दारापर्यंत आलात आणि बाहेर पडल्यावरच वळलात. आपला हात थंडगार होता. ओसरीवर आपण एवढेच म्हणालात, "योग्य वेळी आपण दोघं मिळून त्याला सांगू." त्यानंतर आपण मला कधी नाव विचारले नाही, सोमवारी कोणाच्या मस्तकावर हात ठेवला नाही, आणि त्या वर्गात शिरताना आपण वहाणा बाहेर काढू लागलात. मुलांना ती भक्ती वाटली. मला ठाऊक होते, की ते भय आहे. ती योग्य वेळ येण्यापूर्वीच आपण गेलात.

गेल्या महिन्यात माझ्या शेजारी बसणारा तो मित्र आजारी असल्याचे कळले, म्हणून मी लातूरला गेलो. त्याचे किराणा दुकान आता मुलगा पाहतो. मित्र नुसता बसून असतो. मला पाहताच म्हणाला, "या पंडित. आता जपून बोलावं लागंल, न्हाई तर चुका काढशील." तराजूसमोर आपल्या वर्गातल्यासारखीच एक रिकामी वेताची खुर्ची होती. गिऱ्हाईक तिला वळसा घालून जात होते. "साठ वर्षं मापात पाप केलं न्हाई, ते हिच्या धाकानं," तो म्हणाला. "कुणी बसत न्हाई, तरी दर दोन वर्षांनी वेत खचतोय बघ. विणणारा म्हणतो, शेठ, बसणारा लई जड हाय." तो हसला. मी खुर्चीच्या खोलगट झालेल्या बैठकीकडे पाहिले आणि चहाचा पेला खाली ठेवला.

मग हसणे थांबवून त्याने विचारले, "तू शेजारीच व्हतास की. त्या चाचणीत मी खरंच कुणाच्या वहीत पाहिलं व्हतं का रे? मला तर आठवत न्हाई. पण खुर्चीनं सांगितलं म्हटल्यावर वाटलं, मनात तरी पाहिलंच असंल. रोज रात्री माफी मागतो. आता डॉक्टर ऑपरेशन म्हणतोय. जायच्या आधी कळावं."

"तू पाहिले नव्हतेस," मी म्हणालो.

"मग खुर्ची खोटं बोलली व्हय?"

"खुर्ची नव्हे. मी बोललो. नावे मीच सांगत असे."

एका बाईने साखर मागितली, मुलाने मोजून दिली, ती गेली. मला वाटले, तो मला हाकलून देईल. तो म्हणाला, "लेका, लहान व्हतास." आणि मग, खुर्चीकडे पाहत, अगदी हळू: "तू खोटं सांगितलंस हे गुरुजींना ठाऊक व्हतं?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांना शेवटपर्यंत कळले नाही."

"मग बरं," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

गुरुजी, आपण त्याच्यासाठी काय होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. म्हणून मी तसे बोललो. आपण असतात, तर काय उत्तर दिले असतेत, हे मला ठाऊक नाही. हे पत्र मी कोणाला वाचून दाखवणार नाही, त्यालाही नाही. नांदेडला परतून आज तेवीस दिवस झाले. सकाळी दार वाजले की वाटते, कोणीतरी मला 'ते उत्तर खोटं होतं ना?' असे विचारायला आला असेल. दार उघडतो, तर दूधवाला उभा असतो. अशा वेळी मला हायसे वाटायला हवे. तसे वाटत नाही, हे येथे कबूल करतो.